हंसाबेन काय म्हणाल्या होत्या

१३ जून २०२२

प्रिय उर्मे,

मेल सोडून चक्क पत्र आलंय म्हणून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. गेल्या मंगळवारी मी पक्षांतर्गत निवडणूक जिंकले. आता नोव्हेंबरात आमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी खरी लढत. म्हणजे सबंध राज्याचा मुख्य सरकारी वकील, आणि तो इथे अमेरिकेत लोक मत देऊन निवडतात. लॉ कॉलेजच्या होस्टेलमध्ये तू माझ्याकडून कायद्याची कलमं पाठ करून घ्यायचीस, तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर आपण दोघी खाटेवरून पडलो असतो.

नागेश खूश आहे, थकलाही आहे. घरात सतत कुणीतरी लॅपटॉप घेऊन बसलेलं असतं.

एक काम होतं. मी तुला इतकी वर्षं हातानं पत्रं लिहिली, ती तू ठेवली असशीलच. तू काही टाकणारी नव्हेस. प्रचाराची मंडळी माझ्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल काहीबाही लिहिताहेत. ती पत्रं हाताशी असली तर बरं. विशेषतः २००२ ते २००४ मधली, सरकारी वकिलांच्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हाची. कुरिअरनं पाठवशील?

जयंतला नमस्कार. ईप्सिताला खूप प्रेम.

तुझी,
साधना


२९ जून २०२२
कार्ल्सरूहे

प्रिय साधने,

अगं, काय बातमी दिलीस! पत्र वाचून मी आधी जयंतला फोन केला. तो कारखान्यात मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला. मग शेजारच्या फ्राउ केसलरना सांगितलं. त्यांना काही केल्या समजेना. "म्हणजे सरकारी वकील पोस्टर लावतो? हसरा फोटो काढून?" म्हटलं, गेनाऊ, तसंच. त्या म्हणाल्या, "आणि मग ज्याच्यावर खटला भरायचा तोही मत देतो?" इथे देशाच्या मुख्य सरकारी वकिलांची कचेरी आमच्याच गावात आहे, पण त्यांचं नाव रस्त्यावर दहा जणांना विचारलंस तर एकालाही येणार नाही.

तुझी पत्रं तळघरात आहेत, दोन बुटांच्या खोक्यांत, वर्षांनुसार. ईप्सिताची परीक्षा संपली की तिला घेऊन खाली जाते. ती म्हणाली (अर्थात जर्मनमध्ये, मराठी तिला सगळं कळतं, फक्त बोलायचा कंटाळा), कुरिअर कशाला, मी एका दुपारी सगळी स्कॅन करून देते. कशी वाटते कल्पना? मूळ पत्रं माझ्याकडे राहतील. खरं सांगू, ती हातची सोडवत नाहीत.

माझं नेहमीचंच. आठवड्यातून दोन-तीन दिवस कोर्टात दुभाषाचं काम, बाकी परदेशी लोकांच्या कचेरीतले कागद. परवा एका घटस्फोटाच्या सुनावणीत "मन रमत नाही" याचं जर्मन करताना घाम फुटला.

तुझ्या पोस्टरचा फोटो पाठव.

तुझी,
उर्मी


११ जुलै २०२२

प्रिय उर्मे,

घाईत लिहितेय. स्कॅन करू नकोस. ईप्सिताला त्रास नको, आणि असल्या गोष्टी एकदा कॉम्प्युटरवर गेल्या की कुठे फिरतील सांगता येत नाही. त्या काळातल्या पत्रांत मी कोर्टातल्या गोष्टी मोकळेपणानं लिहिल्या असतील. माणसांची नावं असतील. उगाच कुणाच्या खाजगी गोष्टी उघड्या पडायला नकोत.

कुरिअरचीही दगदग नको. सरळ फाडून टाक. २००३ ची तर नक्कीच. आपल्या आठवणी काय, आपल्याजवळ आहेतच.

पोस्टरचा फोटो सोबत आहे. हसू फारच ताणलंय ना?

साधना


२ ऑगस्ट २०२२
कार्ल्सरूहे

प्रिय साधने,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फाडायच्या तयारीनंच तळघरात गेले होते. फाडण्याआधी एकदा वाचावं, एवढंच मनात होतं. दोन तास बसले खाली. तुझ्या पहिल्या गाडीचं वर्णन वाचून एकटीच हसले.

मग १९ मार्च २००३ चं पत्र हाती आलं. त्यातलं एवढंच जसंच्या तसं उतरवते:

"काल हंसाबेनना भेटले. मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळीला असतात, साठीच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत पहारेकऱ्याला गोळी घातली गेली. इंग्रजी जेमतेम. मला बघून इतक्या सुखावल्या की चहा केला आणि हिंदीत बोलत राहिल्या. म्हणाल्या, चेहरा मैंने देखा ही नहीं बेटी, टोपी थी, सिर्फ जॅकेट देखी. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हिंदीतल्या गप्पा फाइलमध्ये घालायची गरज नाही, उद्या ओळखपरेड आहे, तिथे काय होतं ते बघू. आणि आज हंसाबेननी वेंडेल प्राइसकडे बोट दाखवलं. जॅकेट तसलंच होतं त्याच्या अंगावर. उर्मे, मला कसंतरी होतंय. बचावाच्या वकिलाला हे सांगायला हवं ना?"

पुढच्या पत्रात यावर एक अक्षर नाही. जूनमधल्या पत्रात आहे की केस जिंकली आणि तुला बढती मिळाली. आणि मी? मी तेव्हा काय उत्तर दिलं होतं, ते मला आठवत नाही. ईप्सिता तेव्हा तान्ही होती. बहुतेक अभिनंदन केलं असेल.

मी त्याचं नाव शोधलं, साधने. तो अजून तुरुंगात आहे. एकोणीस वर्षं. कुठल्याशा विद्यापीठातल्या वकिलांनी त्याच्यासाठी अर्ज केलाय, वीस ऑक्टोबरला सुनावणी आहे. अर्ज दाखल झालाय एप्रिलमध्ये. तू मला पत्रं मागितलीस जूनमध्ये.

माझा काही गैरसमज होत असेल तर सांग. तसं असेल तर मला बरंच वाटेल.

उर्मी


२० ऑगस्ट २०२२

उर्मिला,

गैरसमज नाही.

हंसाबेन २०११ मध्ये वारल्या. माझे तेव्हाचे साहेबही नाहीत. हिंदी समजणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे त्या काय म्हणाल्या हे जगात एका माणसाला माहीत आहे आणि एका कागदाला.

मी तेहतीस वर्षांची होते. नोकरीचं दुसरं वर्ष. माझ्या उच्चारांची टिंगल होत होती, ऑफिसात माझ्यासारखी एकही बाई नव्हती. साहेब म्हणाले तसं केलं. कोर्टात हंसाबेन शपथेवर "यस" म्हणाल्या. स्वतःची समजूत घातली की बाईला नंतर आठवलं असेल. माणसांना आठवतं नंतर. तो काही साधू नव्हता. आधी चोरीत पकडला गेला होता.

आता माझं ऐक. मी निवडून आले तर जुन्या शिक्षा तपासून पाहणारा स्वतंत्र विभाग काढणार आहे. हे मी पहिल्या सभेपासून बोलतेय आणि खरंच करणार आहे. माझा प्रतिस्पर्धी असलं काही करणार नाही, त्यानं तसं उघड सांगितलंय. या राज्यात असे शेकडो वेंडेल असतील. त्यांच्यासाठी मी त्या खुर्चीत असणं बरं की नसणं? आणि प्राइसची केस त्या विभागाकडे सगळ्यात आधी जाईल, याची मी तुला खात्री देते. वर्षभर थांबायचं, एवढंच.

तू तिथे शांत गावात राहतेस. तुझ्यावर कधी असला प्रसंग आलेला नाही. ते पत्र माझं आहे, मी लिहिलेलं आहे. ते फाड, असं मी तुला सांगतेय. मैत्रीण म्हणून.

साधना


३ सप्टेंबर २०२२
कार्ल्सरूहे

प्रिय साधने,

तुझं पत्र तीन-चारदा वाचलं. तू म्हणतेस त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून उत्तराला वेळ लागला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. लाज वाटायची. सहा वर्षांपूर्वी इथल्या कोर्टात ध्रुव नावाच्या मुलाची केस होती. नाशिकचा, विद्यापीठात पीएचडी करणारा. त्याच्या गाडीची धडक बसून सायकलवरची एक बाई जखमी झाली होती. न्यायाधीशांनी विचारलं, सिग्नल कोणता होता? तो म्हणाला, "मला वाटतं, हिरवा होता." मी जर्मनमध्ये म्हटलं, "हिरवा होता." 'वाटतं' गळलं. मुद्दाम नाही गं, पण अगदी नकळतही नाही. मुलगा आपला, गरीब चेहऱ्याचा, पुढच्या बाकावर त्याची आई पदराशी चाळा करत बसलेली.

जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपल्यावर उभी राहिले आणि न्यायाधीशांना सांगितलं, माझ्याकडून एक शब्द सुटला. त्यांनी शांतपणे नोंद करायला लावली. मग त्याच्या वकिलाला काही करता आलं नाही. ध्रुवला शिक्षा झाली, गाडीचा परवाना गेला. त्याची आई कोर्टाच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "तुम्ही आपल्या असून?" त्यानंतर दोन वर्षं मी इथल्या मंडळाच्या गणपतीला गेले नाही. तुला कळवलं होतं की गुडघा दुखतो.

तेव्हा असला प्रसंग आला नाही, असं नाही. माझा लहान होता, तुझा फार मोठा आहे. ते मला समजतं.

इथे सरकारी वकिलाला कायदाच सांगतो की आरोपीच्या बाजूचं जे असेल तेही तुम्हीच शोधायचं. तुमच्याकडेही, सापडलं तर ते दडवायचं नाही, हे तूच मला शिकवलंस.

पत्र मी फाडणार नाही. त्याची झेरॉक्स आणि मी केलेलं इंग्रजी भाषांतर सोबत जोडलंय. मूळ कागद माझ्याकडे आहे. सात ऑक्टोबरपर्यंत मी थांबेन, कारण हे तू स्वतः करावंस असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी मात्र मी ते त्याच्या वकिलांना पाठवणार. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून आधी तुलाच लिहितेय.

वर्षभर थांबायचं म्हणतेस. थांबायचंय ते त्याला, आपल्याला नाही.

माझ्यावर राग धर. पण लिही.

उर्मी


१० ऑक्टोबर २०२२
कार्ल्सरूहे

प्रिय साधने,

पाच आठवडे तुझं पत्र नाही, फोन नाही. रोज टपालपेटी बघायचे. तुमच्याकडच्या बातम्याही वाचायचे. सभा, वादविवाद, आणि या बाबतीत एक शब्द नाही. मी काय समजायचं ते समजले. जयंत म्हणाला, अजून दोन दिवस थांब. नाही थांबले. सात तारखेला सकाळी पत्र त्याच्या वकिलांना मेलनं पाठवलं. ईप्सितानंच स्कॅन करून दिलं. पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली: "आई, तुला रडायचंय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. लिहिलं होतं, आभारी आहोत, पण ही प्रत आमच्याकडे २६ सप्टेंबरपासून आहे. तुझ्या प्रतिज्ञापत्रासकट. न्यायाधीशांनी कागद काही दिवस लोकांसाठी बंद ठेवायला सांगितले होते म्हणून बाहेर काही आलं नाही. आणि मी साक्षीदार होऊ शकते, म्हणून तुझ्या वकिलानं तुला माझ्याशी बोलायची बंदी केली होती.

प्रतिज्ञापत्र त्यांनी मला वाचायला पाठवलं. तू हेसुद्धा लिहिलंस की मैत्रिणीला पत्र फाडायला सांगितलं होतं, दोनदा. ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी ते कधीच कुणाला सांगितलं नसतं.

मला वाटलं होतं की मी तुला ओळखते. तू गप्प आहेस म्हणजे लपवते आहेस, असं धरून चालले. चुकले गं. तुला उत्तर द्यायची परवानगी नसेल तर देऊ नकोस. हे नुसतं वाच.

उर्मी


१३ नोव्हेंबर २०२२

प्रिय उर्मे,

आता बोलायला मोकळी आहे.

हरले. एकतीस हजार मतांनी. आमच्या राज्याच्या मानानं थोडक्यात म्हणतात. कागद अकरा ऑक्टोबरला उघडे झाले आणि दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्यानं जाहिरात काढली. त्यात तुझ्या भाषांतरातलं वाक्य होतं, माझ्या ताणलेल्या हसऱ्या फोटोवर. प्रचारातली निम्मी पोरं सोडून गेली. उरलेली शेवटपर्यंत दारोदार फिरली, आणि लोक त्यांना काय काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

तू माफी मागू नकोस. तू दिलेल्या तारखेमुळे मी हे केलं, असं तुला वाटत असेल तर अर्धं खरं आहे. तुझं पत्र आल्यावर पहिले काही दिवस मी तारखेचाच विचार करत होते: सात ऑक्टोबरला आलं तर किती नुकसान, काय खुलासा करायचा. मग एका गावी सभा होती, शाळेच्या हॉलमध्ये. एका निवृत्त शिक्षिकेनं उभं राहून विचारलं, तुमच्या कामात तुमच्या हातून कधी मोठी चूक झालीय का? माझं उत्तर पाठच होतं. म्हटलं, "एकच. कोर्टातली कॉफी प्यायले." सगळा हॉल हसला. त्या बाईही हसल्या आणि खाली बसल्या. त्यांचं समाधान झालं होतं. मला ते बघवेना. गाडीत बसल्याबरोबर वकिलाला फोन केला. नागेश गाडी चालवत होता. पुढच्या फाट्यावर तो घराऐवजी वकिलाच्या ऑफिसकडे वळला.

माझ्या सनदेची चौकशी सुरू होईल. होऊ दे. सुनावणी डिसेंबरवर गेलीय. मूळ पत्राबद्दल तुझं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि त्यात मी तुला फाडायला सांगितल्याचं विचारतील. खरं ते लिही.

तुझी,
साधना


२७ नोव्हेंबर २०२२
कार्ल्सरूहे

प्रिय साधने,

फ्रँकफर्टला जाऊन अमेरिकन वकिलातीत सही करून आले. ईप्सिता सोबत होती. विचारलं ते सगळं खरं लिहिलं. शेवटी "आणखी काही सांगायचंय का" असं होतं, तिथे लिहिलं की २००३ मध्ये हे पत्र मलाही आलं होतं, मी वाचलं होतं आणि मीही काही केलं नाही. तुझ्यामागे लपायचं नव्हतं मला.

मूळ कागद रजिस्टर पोस्टानं गेला. आता त्या वर्षाचं खोकं जरा हलकं लागतं.

उन्हाळ्यात इकडे ये. नागेशलाही आण. फ्राउ केसलरना तुला बघायचंय. त्या म्हणतात, हरलेली सरकारी वकील त्यांनी कधी पाहिली नाही.

उर्मी


१८ डिसेंबर २०२२

प्रिय उर्मे,

गुरुवारी न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली. पुन्हा खटला चालवणार नाही, असं सरकारी पक्षानं तिथल्या तिथे सांगितलं. वेंडेल प्राइस दुपारी सुटला.

मला साक्षीला बोलावलं होतं. त्याच्या वकील बाईंनी दीड तास प्रश्न विचारले. मी आयुष्यभर विचारत आले तसेच, सावकाश, एकामागून एक. पळवाट काढावीशी वाटली तेव्हा तो समोर बसलेला दिसत होता. केस पिकलेत त्याचे. मी त्याला तेवीस-चोवीस वर्षांचा पाहिला होता. निकालानंतर मी त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, माझं चुकलं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. तो म्हणाला, "आज नको. आज मला बाहेर जायचंय." बरोबरच होतं त्याचं.

मी कॉरिडॉरमध्ये कोट घालत उभी होते, तेव्हा त्याची आई आली. ऐंशीच्या पुढची बाई, काठीवर भार देत, एकटीच. मला वाटलं, आता ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

मी म्हटलं, "हो. मी मागतही नाही."

"पण नोव्हेंबरात मत तुम्हालाच दिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "सगळं कळल्यावरही? का?"

ती काठी सरळ करत म्हणाली, "दुसऱ्यानं अजून काहीच कबूल केलेलं नाही."

मी दार उघडून धरलं. त्या हळूहळू बाहेर गेल्या. पायऱ्यांखाली त्यांचा मुलगा हात पुढे करून उभा होता.

तुझी,
साधना